नादारी : शाळेतली आणि न्यायालयातली

मराठीत 'नादारी' हा शब्द दोन ठिकाणी नांदतो. गरीब विद्यार्थ्याला शाळेत मिळणारी फी-माफी ही नादारी. आणि एखाद्याची कर्ज फेडण्याची ऐपत संपली असे न्यायालय जाहीर करते, तीही नादारीच. पहिलीसाठी पालक मास्तरांकडे अर्ज करीत आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. दुसरीचे नाव निघताच मात्र 'दिवाळे वाजले' अशी कुजबूज सुरू होते. वास्तविक कायद्याने दोन्हींकडे सवलत म्हणूनच पाहिले आहे.

पूर्णा हे रेल्वेचे गाव. मनमाड-काचीगुडा आणि अकोल्याचा असे लोहमार्ग येथे मिळतात. अशा पगारदारांच्या गावी कर्ज निघते ते पतसंस्थेतून, आणि त्याखाली सही असते सहकाऱ्याची. आजारपण, मुलीचे लग्न, घराचे बांधकाम यांपैकी काहीही निमित्त पुरते. एक हप्ता चुकला की दुसरे कर्ज काढले जाते आणि पाहता पाहता पगार आधीच खर्ची पडलेला असतो.

अशा माणसासाठी कायदा आहे. मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांसाठी १९०९ चा, तर अन्यत्र मुख्यतः १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. पाचशे रुपयांचे कर्ज फेडणे अशक्य झालेला ऋणको न्यायालयाकडे अर्ज करू शकतो. नादार ठरताच त्याची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि सामान्य धनकोंना परवानगीवाचून त्याच्यामागे लागता येत नाही. मात्र घर ज्याच्याकडे गहाण आहे त्याचा हक्क अबाधित राहतो.

सर्वस्व मात्र जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, भविष्यनिर्वाह निधी यांना जप्ती लागत नाही. सर्वसाधारण हुकूमनाम्यात पगाराचे पहिले एक हजार रुपये व उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुरक्षित राहतात. शेतकऱ्याच्या राहत्या घरालाही संरक्षण आहे. कारकुनाने आयुष्यभराच्या बचतीतून बांधलेल्या घराला या कलमात तसे संरक्षण नाही.

भाडेकरूची स्थिती त्या मानाने बरी. भाडेनियंत्रण लागू असलेल्या निवासी घरातील भाडेकरूचा हक्क जप्त होत नाही. मराठवाड्यातील १९५४ च्या हैदराबाद कायद्याची जागा घेणाऱ्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यात नादारी हे घर खाली करवून घेण्याचे कारण नाही. भाडे थकले, तरी नोटिशीनंतर नव्वद दिवस गेल्यावाचून त्यासाठी दावा लावता येत नाही. जेथे हे नियंत्रण नाही, तेथे मात्र भाडेपट्टा नीट वाचावा. भाडेकरू नादार ठरल्यास मालकाला पुनःप्रवेशाचा हक्क राहील, अशी अट त्यात असेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा ती मान्य करतो.

यथावकाश न्यायालयाने मुक्तता दिली की बहुतेक कर्जे संपतात. सरकारी देणे, लबाडीने घेतलेले कर्ज आणि पोटगी मात्र सुटत नाही. जामीनदारही सुटत नाही, हे शिक्षकांनी व कारकुनांनी विशेष लक्षात ठेवावे. मित्राची नादारी जामीनदाराच्या पगारावर येऊन बसते. शिवाय मालमत्ता रुपयामागे आठ आणेही भरत नसेल आणि ती परिस्थिती ऋणकोच्या हाताबाहेरची नव्हती असे दिसले, तर बिनशर्त मुक्तता नाकारली जाते. मुक्तता होईपर्यंत संसदेची वा विधिमंडळाची दारे बंद असतात. रेल्वे सेवकांचे १९६६ चे वर्तन नियमही नादारी टाळण्यास बजावतात.

हा कायदा जुना झाला, हे त्यातील आकडेच सांगतात. मुक्तता न झालेल्या नादाराने आपली स्थिती न सांगता पन्नास रुपये उसने घेणे हाही त्यात गुन्हा आहे! २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने व्यक्तींसाठी नवी व्यवस्था आखली. वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत आणि स्वतःचे घर नसलेल्यासाठी 'नव्या प्रारंभा'ची तरतूद केली. विहित मूल्याचे एक बोजारहित राहते घर वगळण्याची सोयही केली. परंतु १ डिसेंबर २०१९ पासून हा भाग लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना. सामान्य माणसाच्या वाट्याला ही सोय आलेली नाही.

कंपनीचे दिवाळे सन्मानाने निघावे, यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण बसते. कारकुनाला मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याकडे बोट दाखवले जाते. संहितेचा तो भाग रकमा वाढवून सर्वांना लागू करणे, हे सरकारचे काम आहे. नादारीला कलंक न मानणे, हे समाजाचे. शाळेने नादारी दिली म्हणून कोणी विद्यार्थी नापास ठरत नव्हता.