घरचं पेडल : भाग ७ – नको असलेला आवाज

गेल्या आठवड्यात आपलं दोन ट्रान्झिस्टरचं सिलिकॉन फझ डब्यात बसलं. लंडनच्या आर्बिटर कंपनीनं १९६६ मध्ये आणलेल्या ‘फझ फेस’चीच ही मांडणी. पार्ट मोजके, पण गेन प्रचंड. त्यामुळे नको ते आवाजही तितक्याच जोमानं मोठे होतात. पेडल दाबल्यावर ‘घुंऽऽ’ ऐकू आली की हात सोल्डरिंग आयर्नकडे जातो. तो आवरा. आधी कान द्या. आवाजाच्या जातीवरूनच बिघाड कुठं शोधायचा ते कळतं.

अडॅप्टर काढून नऊ व्होल्टची बॅटरी लावा. घुं थांबली तर दोष पुरवठ्याचा. आपली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरच्या अडॅप्टरमध्ये चार डायोडमधून गेल्यावर ती लहर सेकंदाला १०० वेळा उमटते. सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या पट्टीवरचा जी वाजवून पाहा, तो ९८ हर्ट्झचा. घुं त्याच्याशी जवळपास जुळली तर चोर सापडला. उपाय स्वस्त आहे : अधिक बाजूच्या वायरमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्यापुढं ग्राउंडकडे १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. फझ जेमतेम एखादा मिलिअँपिअर खातं, त्यामुळे रेझिस्टरवर पडणारं व्होल्टेज नगण्य.

बॅटरीवरही घुं राहिली तर गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. ती गेली, तर ती पिकअपनं खोलीतून उचललेली होती. सिंगल कॉइल पिकअप असेल तर गिटार घेऊन जागच्या जागी सावकाश वळा. एका दिशेला आवाज बराच कमी होतो. यात पेडलचा काही दोष नाही.

आवाज तसाच राहिला, तर डब्याकडे वळा. अॅल्युमिनियमचा डबा हीच आपली ढाल, पण तो ग्राउंडला जोडलेला असेल तरच. आपला डबा जॅकच्या बाहेरच्या कड्यातून ग्राउंड होतो, आणि नेमका तिथंच रंगाचा थर आडवा येतो. जॅकच्या भोकाभोवती आतल्या बाजूनं रंग खरवडा, नट घट्ट करा आणि मल्टिमीटरची बीप ऐकूनच झाकण लावा.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकली की घुं जाते, असा सल्ला कुणी दिला तर तो मुळीच ऐकू नका. अँपमध्ये बिघाड झाला तर गिटारच्या तारांत वीज उतरते आणि जीव जाऊ शकतो. घरातल्या सॉकेटला अर्थिंग नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

शिट्टी वाजत असेल तर इनपुट आणि आउटपुटच्या वायरी शेजारीशेजारी गेल्यात का ते बघा. आइस्क्रीमच्या काडीनं एक वायर बाजूला सारा. सूर बदलला की कारण कळलं. इनपुटची वायर आखूड, शिल्डेड ठेवा. त्याच काडीनं एकेका जोडावर हलकेच टिचकी मारा. खरखर झाली तो जोड ड्राय सोल्डर. थोडं फ्लक्स लावून पुन्हा वितळवा. मध्येच रेडिओ ऐकू येत असेल, तर पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरचं जंक्शन डायोडसारखं वागून केंद्र पकडतंय. इनपुटपासून ग्राउंडकडे १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर बहुधा पुरतो.

सतत ‘सूंऽऽ’ येत असेल तर मात्र टप्प्याटप्प्यानं ऐकावं लागतं. अँपला जाणाऱ्या केबलच्या मधल्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा, बाहेरची जाळी पेडलच्या ग्राउंडला लावा आणि कपॅसिटरचं मोकळं टोक आधी इनपुटवर, मग पहिल्या कलेक्टरवर, मग दुसऱ्यावर टेकवा. अँपचा आवाज अगदी कमी ठेवा. प्रत्येक टप्प्यावर सुराबरोबर सूंही वाढणारच. पण जिथं ती सुरापेक्षा जास्त उसळते, तिथला ट्रान्झिस्टर बदलून बघा. हे पार्ट मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ सहज मिळतात.

स्विच दाबताना होणाऱ्या ‘फट्’वर इनपुटपासून ग्राउंडकडे एक मेगओहमचा रेझिस्टर लावा. पुढच्या भागात टोन कंट्रोल.