हार्ड डिस्कच्या दोषसंदेशांचे निदान

संगणकाच्या पडद्यावर हार्ड डिस्कविषयी दोषसंदेश उमटला की डिस्क निकामी झाली, अशी पुष्कळांची समजूत होते. वस्तुतः संदेश हे केवळ लक्षण होय. त्यावरून दोषाचे स्थान शोधणे आणि तत्पूर्वी माहिती सुरक्षित करणे, ही निदानाची दोन अंगे आहेत.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटास बहुधा ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. त्यांना स्पर्श न करता, हवेच्या अतिसूक्ष्म थरावरून वाचनशीर्ष फिरते. माहिती ५१२ किंवा ४०९६ बाइटच्या खंडांत नोंदलेली असते. या खंडास सेक्टर म्हणतात. प्रत्येक सेक्टरसोबत पडताळ्याचे संकेतांकही लिहिलेले असतात. त्यांच्या साहाय्याने लहान चुका डिस्क स्वतःच दुरुस्त करते. चूक त्या मर्यादेपलीकडे गेली, म्हणजे तो सेक्टर वाचता येत नसल्याचा संदेश येतो.

'संगणक सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही' हा संदेश निराळा. अशा वेळी बायोसच्या पडद्यावर डिस्कचे नाव दिसते का, हे प्रथम पाहावे. नाव नसल्यास केबल, वीजजोडणी किंवा खुद्द डिस्क यांत दोष संभवतो. नाव असल्यास डिस्क शोधण्याचा क्रम बदललेला असेल, अथवा प्रणालीच्या फायली बिघडलेल्या असतील.

डिस्क आपल्या प्रकृतीची नोंदही ठेवते. तिला 'स्मार्ट' म्हणतात. तीतील क्रमांक ५ हा राखीव जागी हलविलेल्या सेक्टरांची, तर १९७ हा संशयित सेक्टरांची संख्या दर्शवितो. हे आकडे वाढू लागल्यास पृष्ठभाग झिजत आहे असे समजावे. केवळ १९९ वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा असतो. केबल बदलल्यावर जुना आकडा पुसला जात नाही; तो वाढावयाचा थांबतो.

तथापि या नोंदीवर सर्वस्वी विसंबणे योग्य नव्हे. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी प्रमुख चिन्हांपैकी एकही आधी दाखविले नव्हते.

यास्तव संदेश दिसताच प्रथम महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या साधनावर घ्यावी. दुरुस्तीच्या आज्ञा त्यानंतर द्याव्यात; कारण त्या दुर्बल डिस्कवर अधिक ताण पाडतात आणि मूळ नोंदींत फेरफारही करतात. डिस्कमधून टकटक आवाज येत असल्यास मात्र संगणक तत्काळ बंद करून ती जाणकाराकडे द्यावी. डिस्क नवी मिळते. गेलेली माहिती मिळेलच असे नाही.