गाडीला एलईडी पट्टी लावताना

शनिवारी संध्याकाळी पांढुर्णा-सौंसर रस्त्यावर जामसावळीच्या हनुमानाकडे निघालेल्या दुचाकी गाड्या बघा. दोन-चार तरी टाकीखालून निळ्या-हिरव्या चमकताना दिसतील. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ही हौस स्वस्त आहे.

पट्टी 12 व्होल्टचीच घ्या, वर सिलिकॉनचा थर असलेली, म्हणजे पावसात टिकते. साधी पट्टी दर तीन दिव्यांनंतर असलेल्या तांब्याच्या ठिपक्यांवर, खुणेच्या रेघेवरच कापायची. सायलेन्सर आणि इंजिनपासून लांब चिकटवा. उष्णतेने गोंद सुटतो.

खरी गोम जोडणीत आहे. लहान दिव्यांची मीटरभर पट्टी साधारण 5 वॅट, म्हणजे जेमतेम 0.4 अँपिअर खाते. पण थेट बॅटरीला जोडून रात्रभर चालू राहिली, तर 3 अँपिअर-तासाची बॅटरी सकाळी आडवी! म्हणून चावी फिरवल्यावरच वीज येते ती तार पकडा आणि मध्ये 2 अँपिअरचा फ्यूज टाका. नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा आमच्या मते काम नव्हे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढे लाल आणि मागे लालखेरीज दुसरा दिवा साधारणपणे चालत नाही. लुकलुकणारी पट्टी तर रस्त्यावर बंदच ठेवा.