वऱ्हाडातील वनस्पती-आच्छादनातील दीर्घकालीन बदल

वऱ्हाडातील, विशेषतः अमरावती व अकोला जिल्ह्यांतील, वनस्पती-आच्छादन अनेक दशकांत बदलत गेले आहे. पीकपद्धती, पाणी, मृदा, वनव्यवस्थापन व हवामान ही त्याची प्रमुख कारणे होत.

मापन
पाने लाल प्रकाश शोषतात व निकट-अवरक्त किरण परावर्तित करतात. या फरकावरून उपग्रहाद्वारे हिरवेपणाचा निर्देशांक काढला जातो. हा निर्देशांक पीक, बाग व जंगल यांत स्वतः भेद करीत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, २००० नंतर भारतात वाढलेल्या हिरवेपणात शेतीचा वाटा ८२ टक्के होता.

कारणे

पीकपद्धती : अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडला होणारा कापूसपुरवठा खुंटला आणि वऱ्हाडी कापसाची मागणी वाढली. पुढे रेल्वेमुळे हे पीक अधिकच विस्तारले. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सोयाबीन वाढले व ज्वारी घटली. सोयाबीन साधारणतः ऑक्टोबरपर्यंत निघते, तर कापूस हिवाळ्यातही उभा असतो; त्यामुळे शेताचा हिरवा काळच बदलतो.

पाणी व मृदा : पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात भूजल खारे आहे आणि काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा मंद होतो. म्हणून तेथे विहिरींवरील सिंचनाला मर्यादा पडतात. याउलट वरूड-मोर्शी भागात संत्र्याच्या सदाहरित बागा आहेत. मात्र त्यांच्यासाठी होणाऱ्या उपशाने भूजल खालावले आहे.

वनव्यवस्थापन : मेळघाटातील जंगल प्रामुख्याने सागाचे व पानझडी आहे. १९७३-७४ मध्ये येथे व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. बोरी, कोहा व कुंड या गावांच्या पुनर्वसनानंतर तेथील शेतजमिनींवर कुरणे वाढली. वणवे व अतिचराई यांमुळे रोपांची वाढ खुंटते. घाणेरीसारखे परकीय झुडूप हिरवेपणात भर घालते, परंतु गवत व स्थानिक रोपे दडपते.

हवामान : औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग असलेला कार्बन डायऑक्साइड आता ४२० च्या पुढे गेला आहे. त्यामुळे प्रकाशसंश्लेषणास चालना मिळते. तथापि वऱ्हाडातील बहुतांश शेती कोरडवाहू असल्याने पावसाच्या खंडाचा परिणाम वाढीवर तत्काळ होतो.

अर्थनिर्णय
पावसाळ्यातील व उन्हाळ्यातील चित्रांची परस्पर तुलना दिशाभूल करणारी ठरते. अनेक वर्षांतील एकाच महिन्याच्या नोंदी, त्या वर्षांचा पाऊस आणि प्रत्यक्ष जमिनीवरील पाहणी यांचा एकत्रित विचार आवश्यक असतो. अन्यथा सोयाबीनचे शेत, उपशावर तगलेली बाग व घाणेरीने व्यापलेले रान यांची नोंद सारखीच ‘सुधारणा’ म्हणून होऊ शकते.