कसारदेवीचे बिऱ्हाडकरू

कसारदेवीला गेलात की कुणी ना कुणी तुम्हाला व्हॅन ॲलन पट्ट्याची गोष्ट ऐकवतोच. ही टेकडी त्या पट्ट्यावर आहे, इथे विलक्षण चुंबकीय शक्ती आहे, अशी जागा माचू पिचू आणि स्टोनहेंज सोडून जगात तिसरी नाही, ‘नासा’ने तसं सांगितलंय, वगैरे. ऐकून घ्यावं आणि चहा मागवावा. व्हॅन ॲलन पट्टे हे विद्युतभारित कणांचे पट्टे, ते पृथ्वीच्या शेकडो-हजारो किलोमीटर वर, तिच्याभोवती कड्यासारखे पसरलेले असतात. एखाद्या देवळाच्या अंगणात ते उतरत नाहीत. या टेकडीची खरी नवलाई आहे ती इथे येऊन बिऱ्हाड थाटणाऱ्या माणसांत, त्यातही जोडप्यांत.

उत्तराखंडातल्या कुमाऊँमध्ये अल्मोडा शहरापासून बिनसरच्या रस्त्याने आठ-नऊ किलोमीटर गेलं की ही डोंगरधार लागते. उंची साधारण २,१०० मीटर. दक्षिणेकडे अल्मोड्याची दाटीवाटीची घरं, खाली कोसीचं खोरं, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा धुतल्यासारखी झाली की उत्तरेला त्रिशूल, नंदादेवी, नंदाकोट, पंचचूली अशी रांगच्या रांग. देऊळ लहान आहे. जवळच्या खडकावर प्राचीन शिलालेख आहे, त्यामुळे या जागेचं वय देवळाच्या आजच्या भिंतींवरून मोजू नये. १८९० मध्ये विवेकानंद इथल्या गुहेत ध्यानाला बसले होते. कार्तिक पौर्णिमेला जत्रा भरते. एवढं माहीत असलं की देवळापुरतं पुष्कळ झालं.

आता बिऱ्हाडकरू. अर्ल आणि आक्सा ब्रूस्टर हे अमेरिकी चित्रकार जोडपं १९३५ मध्ये इथे आलं, तेव्हा दोघांचीही पन्नाशी उलटून गेलेली होती. आधीची कित्येक वर्षं त्यांनी इटलीत काढली होती. कादंबरीकार डी. एच. लॉरेन्स त्यांचा जवळचा मित्र. ब्रूस्टर दांपत्य श्रीलंकेत कँडीला राहत असताना लॉरेन्स त्यांच्याकडे मुक्कामाला गेला होता. अर्लला बौद्ध धर्माचा नाद होता, बुद्धाचं चरित्रही त्याने लिहिलं होतं. या दोघांनी ‘स्नो व्ह्यू’ नावाची जागा घेतली, चित्रं काढली, आल्यागेल्याचं आतिथ्य केलं आणि परत गेले नाहीत. आक्सा १९४५ मध्ये वारली, अर्ल १९५७ मध्ये. दोघांचाही शेवट अल्मोड्यातच झाला.

दुसरं जोडपं आपल्या जास्त ओळखीचं असायला हवं, कारण त्यातली बाई मुंबईची. रत्ती पेटिट, पेटिट या धनाढ्य पारशी घराण्यातली, जन्म १९०६. शांतिनिकेतनात ती नंदलाल बोस यांच्या हाताखाली चित्रकला शिकली, आणि तिथेच तिला लामा अनागारिक गोविंद भेटले. हे मूळचे जर्मन, नाव अर्न्स्ट लोथार हॉफमान. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने त्यांना आधी अहमदनगरच्या आणि मग देहरादूनच्या छावणीत नजरकैदेत ठेवलं होतं. १९४७ मध्ये दोघांचं लग्न झालं आणि रत्ती पेटिटची ली गोतमी झाली.

पुढल्याच वर्षी हे दोघे पश्चिम तिबेटात त्सापरांगला निघाले. गुगे राज्याची ही उजाड राजधानी. तिच्या मंदिरांतली भित्तिचित्रं उतरवून घ्यायची होती. ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’ने या मोहिमेला पैसे दिले होते. कडाक्याच्या थंडीत, शाई गोठत असताना, अंधाऱ्या गाभाऱ्यांत उभं राहून लीने रेघ न् रेघ उतरवली, फोटो काढले. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत तिथल्या मंदिरांची आणि मूर्तींची मोठी नासधूस झाली. त्यामुळे या बाईच्या हातचं काम आज दस्तऐवजाच्या मोलाचं आहे. गोविंदांचं तिबेटप्रवासाचं पुस्तक जगभर गेलं आणि पुष्कळांच्या लेखी ली ही ‘लामांची पत्नी’ एवढीच उरली. मला हा अन्याय वाटतो. त्सापरांगचं निम्म्याहून जास्त हातकाम तिचं होतं.

तिबेटहून परतल्यावर १९५०च्या दशकात दोघं कसारदेवीला आली. घर होतं इव्हान्स-वेंट्झ यांचं. तिबेटी मृत्युग्रंथ इंग्रजीत आणून गाजवणारे हे अमेरिकी विद्वान. त्यांनी इथे जमीन घेऊन ठेवली होती, पण स्वतः ते फारसे राहिले नाहीत. त्या घरात गोविंद लिहीत, ली चित्रं काढी. १९६२ मध्ये ॲलन गिन्सबर्ग आणि गॅरी स्नायडर हे अमेरिकी कवी त्यांना भेटून गेले. त्यांच्या मागोमाग केस वाढवलेल्या तरुणांची रीघ लागली आणि टेकडीला हिप्पींची टेकडी हे नाव चिकटलं. आजही कॅफेंच्या पाट्यांवर हिप्पीच जास्त दिसतात. ते वस्तीला फार थोडे दिवस होते. वीसेक वर्षं इथे घर चालवणारी मुंबईची बाई मात्र एकाही पाटीवर नाही.

तिसरं जोडपं टेकडीवर नव्हतं, खाली अल्मोड्यात होतं. माझ्या मते या मुलखात खऱ्या अर्थाने मुरलं ते हेच. बोशी सेन म्हणजे बशीश्वर सेन, बंगालमधल्या विष्णुपूरचे, जगदीशचंद्र बोस यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेले वनस्पतिशास्त्रज्ञ आणि विवेकानंदांच्या शिष्यपरंपरेतले. १९२४ मध्ये कलकत्त्यात राहत्या घराच्या स्वयंपाकघरात त्यांनी ‘विवेकानंद प्रयोगशाळा’ सुरू केली. पत्नी गर्ट्रूड इमर्सन अमेरिकी पत्रकार. ‘एशिया’ मासिकाची संपादक, बाई भूगोलतज्ज्ञांची अमेरिकेतली संस्था १९२५ मध्ये उभारणाऱ्या चौघींपैकी एक. लग्नाआधी ती उत्तर प्रदेशातल्या तेव्हाच्या गोंडा जिल्ह्यातल्या एका खेड्यात एकटी राहिली होती आणि त्यावर तिने ‘व्हॉइसलेस इंडिया’ हे पुस्तक लिहिलं होतं. म्हणजे खेडं तिला नवं नव्हतं. १९३२ मध्ये लग्न झालं, १९३६ मध्ये प्रयोगशाळेसकट संसार अल्मोड्यात ‘कुंदन हाउस’मध्ये आला.

सुरुवातीचं संशोधन वनस्पतींच्या पेशींवरचं होतं, निव्वळ शास्त्रीय. १९४३च्या बंगालच्या दुष्काळाने बोशी सेनांना हलवलं. लोक उपाशी मरत असताना पेशी बघत बसायचं नाही, असं ठरवून ते पिकांकडे वळले. संकरित मका, भाज्यांचं बियाणं, डोंगरातल्या अरुंद पायऱ्यांच्या शेतांना आणि थंडीला मानवणारे वाण हा त्यांचा विषय झाला. १९५७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७१ मध्ये ते गेले. १९७४ मध्ये संस्था भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे गेली. ‘विवेकानंद पर्वतीय कृषी अनुसंधान संस्थान’ या नावाने ती आज अल्मोड्यात आहे, तिचं प्रयोगक्षेत्र कोसीकाठी हवालबागला आहे. तिथून निघालेल्या वाणांच्या नावाआधी ‘व्हीएल’ लागतं, ते ‘विवेकानंद लॅबोरेटरी’चं. याच संस्थेने हलका लोखंडी नांगर केला. पहाडात नांगरासाठी बांज, म्हणजे डोंगरी ओक, तोडण्याची जुनी रीत. लोखंडी नांगर आला तेवढी झाडं वाचली. गर्ट्रूडबाई नवऱ्यामागे अकरा वर्षं जगल्या, तेही अल्मोड्यातच. १९७६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मोठी माणसं ठीक आहेत, पण हल्ली या धारेवर येऊन राहण्याचा विचार करणाऱ्यांत पुण्या-मुंबईची निवृत्त, पायांत बळ असलेली जोडपीही असतात. त्यांना उपयोगी पडेल ते सांगतो. ताटाचा प्रश्न मराठी माणसाला फारसा पडू नये. इथला मडुवा म्हणजे आपली नाचणी, गहत म्हणजे कुळीथ. काळ्या भटाची डाळ तेवढी नवी, ती लोखंडी कढईत रटरटू द्यावी. चैत्राच्या सुमाराला बुरांशाची लाल फुलं फुलतात, त्यांचं सरबत होतं. उन्हाळ्यात काफळ ही आंबटगोड रानफळं बाजारात येतात. बालमिठाई आणि मालूच्या पानात गुंडाळलेली सिंगोडी अल्मोड्याच्या बाजारात मिळते. माणसंही तुटक नाहीत. इथल्या पंत घराण्यांत तर आपले पूर्वज कोकणातून आले अशी परंपरा सांगतात. कवी सुमित्रानंदन पंत आणि गोविंद वल्लभ पंत याच मुलखातले. शतकांपूर्वी आपल्याकडून कुणी इथे मुरलं असेल, तर आजचं जोडपं हे काही पहिलं नव्हे.

अडचणी दुसरीकडे आहेत. सगळ्यात मोठी पाण्याची. गावोगावी दगडात बांधलेले नौले, म्हणजे झऱ्यांवरच्या जुन्या विहिरी, पुष्कळ ठिकाणी आटले आहेत. बांजाचं जंगल पाणी धरून ठेवतं, चिडाचं, म्हणजे पाइनचं, तितकं नाही, आणि चीड पसरतो आहे. एप्रिल-मे-जूनमध्ये चिडाच्या वाळक्या सुया, ज्यांना इथे पिरूल म्हणतात, पेट घेतात. मग हिमशिखरं सोडा, समोरची टेकडी धुरात दिसत नाही. माकडं आणि रानडुकरं शेतात काही ठेवत नाहीत, आणि बिबट्याची वर्दळ असते म्हणून संध्याकाळी कुत्रं घरात घेतात. अवघड दुखणं निघालं तर हल्द्वानी गाठावी लागते. पावसाळ्यात दरड कोसळून हाच रस्ता तासन् तास बंद पडतो. काठगोदामपर्यंत दिल्लीहून रेल्वे आहे, तिथून भवाली, कैंची, खैरना असं करत अल्मोडा सुमारे नव्वद किलोमीटर. कैंचीधामच्या आश्रमापाशी हल्ली गाड्यांची जी रांग लागते, ती हिशेबात धरूनच निघावं.

मला एक गोष्ट ठाम वाटते. नुसती शांतता शोधत आलेला माणूस या धारेवर जानेवारीतच कंटाळतो. शिखरं काय, पंधरा दिवसांत सवयीची होतात. वरच्या तिन्ही जोडप्यांकडे रोज सकाळी उठून करायचं काम होतं, आणि दोघांचं कामही बहुतेक वेगवेगळं होतं. तुमचं ते काम झाडं लावण्याचं असेल, गावच्या शाळेत शिकवण्याचं असेल, बिनसरच्या अभयारण्यातले पक्षी नोंदण्याचं असेल. ते काय असणार, हे पुण्यातून निघण्याआधीच आपापसांत ठरवा.

आणि जमिनीचा दलाल गाठण्याआधी कायदा बघा. नगरपालिका हद्दीबाहेर घरासाठी जमीन घ्यायची तर परराज्यातल्या माणसावर २००३ मध्ये ५०० चौरस मीटरची मर्यादा आली, २००७ मध्ये ती २५० वर उतरली. २०२५च्या दुरुस्तीनंतर हरिद्वार आणि उधमसिंह नगर सोडून बाकीच्या जिल्ह्यांत, म्हणजे अल्मोड्यातही, बाहेरच्यांना शेतीची किंवा फळबागेची जमीन घेता येत नाही. स्थानिक वकिलाकडून कागद तपासून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. त्याहून बरं, एक पूर्ण पावसाळा आणि एक हिवाळा भाड्याच्या घरात काढा. लामा गोविंद आणि ली गोतमीही इथे भाड्याच्या घरातच राहिले.