ऑयलरची मूळ संख्या

ज्या संख्येस १ आणि ती स्वतः यांवाचून दुसरा भाजक नसतो, तीस मूळ संख्या म्हणतात. ७ किंवा १३ मूळ आहे, हे चटकन कळते. परंतु २,१४,७४,८३,६४७ मूळ आहे, हे कसे ठरवावे? एकतीस वेळा २ घेऊन गुणाकार करावा व त्यातून १ वजा करावा, म्हणजे ही संख्या मिळते. १७७२ साली रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने ती मूळ असल्याचे सिद्ध केले. त्या वेळी त्याची दृष्टी जवळजवळ संपूर्ण गेली होती.

संख्या मूळ नसेल, तर १ खेरीज तिचा एक तरी भाजक तिच्या वर्गमुळाच्या आत सापडतोच. म्हणून ऑयलरला ४६,३४० च्या पुढे जाण्याचे कारण नव्हते. शिवाय या संख्येस भाजक असलाच, तर त्यास ६२ ने भागून बाकी १ च उरली पाहिजे, हेही त्याने जाणले होते. त्यामुळे सहस्रावधी भागाकारांऐवजी थोडेच करावे लागले. आणि एकदाही निःशेष भाग गेला नाही.

या मूळ संख्येपासून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कोणी शोधणार नाही, कारण तिचा उपयोग काहीच नाही, असे पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने १८११ साली लिहिले. परंतु १८७६ साली फ्रान्समधील एद्वार ल्यूका याने ३९ अंकी मूळ संख्या शोधली. आणि आज गुप्त संदेशांचे रक्षण मोठ्या मूळ संख्यांच्याच साहाय्याने केले जाते.