पित्यापाशी आपला कैवारी

पवित्र मिस्साच्या प्रारंभी आपण आपल्या पापांची कबुली देतो, तेव्हा ती केवळ परमेश्वरापुढे देत नाही. शेजारी उभ्या असलेल्या बंधुभगिनींपुढेही देतो आणि लगेच पवित्र मरीया, देवदूत, सर्व संत व त्याच बंधुभगिनींना आपल्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती करतो. ही प्रार्थना आपल्या इतकी तोंडवळणी पडली आहे की, तिच्यात पापक्षमा आणि मध्यस्थी या दोन गोष्टी एकत्र गुंफलेल्या आहेत, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

अन्य पंथीय बंधू आपल्याला एक प्रश्न नेहमी विचारतात. देव व मानव यांच्यामध्ये ख्रिस्त हा एकच मध्यस्थ आहे, असे संत पौल तीमथ्याला लिहितो. मग तुम्ही संतांकडे का धावता? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्याच पत्राच्या त्याच अध्यायात आहे. एकमेव मध्यस्थाविषयी लिहिण्याआधी, दुसऱ्या अध्यायाच्या अगदी आरंभीच, सर्व माणसांसाठी विनवण्या, प्रार्थना व रदबदली करावी असा आग्रह पौल धरतो. ख्रिस्त एकमेव मध्यस्थ आहे म्हणूनच त्याच्या शरीराचे अवयव असलेले आपण एकमेकांसाठी प्रार्थना करू शकतो. मृत्यूने हे नाते तुटत नाही, अशी ख्रिस्तसभेची श्रद्धा आहे. संतांची मध्यस्थी ख्रिस्ताच्या मध्यस्थीला पर्याय नाही. ती तिच्यातच सामावलेली आहे.

आपल्याकडे ‘मध्यस्थी’ म्हटले की मनात ‘वशिला’ येतो. साहेब कडक आहे, पण त्याच्या ओळखीचा कोणी गाठला तर काम होईल, हा आपला रोजचा अनुभव! पित्याविषयी असा विचार करणे म्हणजे त्याला ओळखलेच नाही असे होय. पित्यानेच जगावर प्रीती केली आणि पुत्राला पाठविले. पुत्राची मध्यस्थी नाखूश पित्याचे मन वळविण्यासाठी नाही. पित्याची क्षमा ज्या मार्गाने आपल्यापर्यंत पोहोचते तो मार्ग म्हणजेच ही मध्यस्थी.

संत योहान आपल्या पहिल्या पत्रात यासाठी जो ग्रीक शब्द वापरतो, त्याचे मराठी बायबलमध्ये ‘कैवारी’ असे सुंदर भाषांतर झाले आहे. आरोपीच्या बाजूने उभा राहणारा, तो कैवारी. योहानाच्या शुभवर्तमानात हाच शब्द पवित्र आत्म्यासाठी येतो. इब्री लोकांस पत्राचा लेखक तर सांगतो की, उठलेला ख्रिस्त आपल्यासाठी मध्यस्थी करण्यास सर्वदा जिवंत आहे.

ही मध्यस्थी आपल्या पश्चात्तापाची वाट पाहत थांबत नाही. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने शिमोन पेत्राला सांगितले की, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केली आहे. पेत्राने प्रभूला अजून नाकारले नव्हते, कोंबडा आरवायचा होता. पाप घडण्यापूर्वीच प्रार्थना झाली होती! आपले पाप क्षमेच्या पलीकडचे आहे असे वाटून वर्षानुवर्षे पापनिवेदनाला न गेलेल्या भाविकांनी लूकच्या बाविसाव्या अध्यायातील हा प्रसंग सावकाश वाचावा.

प्रायश्चित्त संस्कारात हीच मध्यस्थी आपल्या कानांवर पडते. वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करावे, असा नियम १२१५ साली चौथ्या लॅटरन परिषदेने घालून दिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७३ साली, या संस्काराचा विधी सुधारण्यात आला. त्यातील पापमुक्तीच्या प्रार्थनेत पित्याची दया, पुत्राचे मरण व पुनरुत्थान, पवित्र आत्म्याचे दान आणि ख्रिस्तसभेची सेवा या साऱ्यांचा उल्लेख आहे. धर्मगुरू स्वतःच्या अधिकाराने नव्हे, तर त्रैक्याच्या नावाने क्षमा जाहीर करतो. नऊ दिवसांच्या नोव्हेनाला गर्दी करणारे आपण पापनिवेदनाच्या रांगेत मात्र विरळ दिसतो, हे येथे नमूद केलेच पाहिजे.

क्षमा मिळालेला माणूस इतरांचा कैवार घेऊ लागतो. दगडांचा मारा होत असताना संत स्तेफनने मारेकऱ्यांसाठी प्रार्थना केली. त्यांची वस्त्रे सांभाळीत शौल तेथेच होता. स्तेफनने प्रार्थना केली नसती तर ख्रिस्तसभेला पौल लाभला नसता, अशा आशयाचे उद्गार संत ऑगस्टीनने एका प्रवचनात काढले आहेत.

आपल्या देशातही असे घडले. मध्य प्रदेशातील उदयनगर परिसरात गरीब आदिवासींना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी झटणाऱ्या सिस्टर राणी मारिया या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट धर्मभगिनीची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसप्रवासात हत्या झाली. तिच्या अंगावर ५० हून अधिक जखमा होत्या. मारेकरी समुंदर सिंग याला जन्मठेप झाली. २००२ साली राणी मारियाची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या मनगटावर राखी बांधली. पुढे त्याची शिक्षा कमी व्हावी म्हणून ज्यांचे रक्त सांडले होते, त्यांनीच शासनाकडे रदबदली केली. २००६ साली तो सुटला. नंतर तो केरळमध्ये राणी मारियाच्या घरी गेला, तेव्हा तिच्या वृद्ध आईने त्याला मुलासारखे जवळ केले. खुनी हातांना माफी मिळावी म्हणून मृताच्या घरच्यांनी अर्ज करावा, ही गोष्ट कायद्याच्या पुस्तकात सहजी बसणारी नाही. कालवरीच्या टेकडीवरील प्रार्थनेत मात्र ती बसते.

४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारियाला धन्य घोषित करण्यात आले. आता तिच्याच मध्यस्थीची याचना भाविक करतात. तिचा सण २५ फेब्रुवारीला असतो आणि अनेक वर्षी तो प्रायश्चित्तकाळातच येतो.